विसरलेली छत्री कोणत्या खात्यात?



ज्या सरांच्या स्मृतीसाठी ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी मला अकरावीत पुस्तपालन शिकवलं. पहिल्या तासाला त्यांनी फळ्यावर काहीच लिहिलं नाही. टेबलाला टेकून एक प्रश्न विचारला. पावसाळ्यात तुमच्या दुकानात गिऱ्हाईक आलं, सामान घेतलं, पैसे चुकते केले आणि छत्री विसरून गेलं. ती छत्री कीर्दीत कुठे लिहाल? वर्गात व्यापाऱ्यांची मुलं बरीच होती. एक म्हणाला, जमेच्या बाजूला. दुसरा म्हणाला, वर्षभर वाट बघायची आणि मग जमेला. मी हुशारी दाखवायला म्हणालो, अनामत खात्यात. सर म्हणाले, "छत्री कीर्दीत लिहायचीच नाही. दाराजवळच्या खुंटीला अडकवायची, येता-जाता त्याला दिसेल अशी."

पुढे मी सनदी लेखापाल झालो, पस्तीस वर्षं लोकांचे ताळेबंद तपासले. खुंटीला अडकवलेल्या छत्र्या त्यात फारशा दिसल्या नाहीत. दुसऱ्या मुलाचं उत्तर मात्र जगभर रूढ झालेलं दिसलं.

आज अशाच एका छत्रीबद्दल बोलायचं आहे. विमान रद्द होतं, किंवा आपण तिकीट रद्द करतो. पैसे परत येण्याऐवजी 'क्रेडिट' येतं. ते ठरावीक मुदतीत वापरायचं असतं. मुदत उलटली की ते आपलं राहत नाही. मग ते कुणाचं होतं, आणि का, हा माझा विषय. संयोजकांना तो कळवला तेव्हा फोनवर पलीकडे थोडा वेळ काहीच ऐकू आलं नाही. आधीची दोन पुष्पं संतसाहित्यावर गुंफली गेली आहेत, याची मला कल्पना आहे. पण सरांना हा विषय आवडला असता.

सुरुवात घरातल्या गोष्टीनं करतो, कारण तिच्यात चूक माझी आहे.

माझी भाची न्यू जर्सीत असते. २०२०च्या मे महिन्यात तिचं बाळंतपण होतं. ताई आणि भावोजींची ९ एप्रिलची तिकिटं काढलेली होती. मुंबईहून निघून वाटेत एका ठिकाणी विमान बदलायचं होतं. दोघांचे मिळून एक लाख बेचाळीस हजार रुपये. मार्चमध्ये सगळं ठप्प झालं. कंपनीचा मेल आला. त्यात दोन पर्याय होते. पैसे परत हवे असतील तर अर्ज भरा आणि वाट बघा. क्रेडिट घेतलंत तर लगेच मिळेल, वर दहा टक्के जास्त. भावोजींनी मला फोन केला, घरातला हिशेबनीस म्हणून. मी मिनिटभरात गणित मांडलं. बँक वर्षाला पाच-सहा टक्के देते, हे दहा देतायत, आणि तुम्ही जाणार तर आहातच. क्रेडिट घ्या.

एप्रिल २०२१मध्ये, दुसऱ्या लाटेत, भावोजी गेले. काही महिन्यांनी कागदपत्रं आवरताना ते मेल निघाले. मी कंपनीला फोन केला. पलीकडची मुलगी अतिशय नम्र होती. क्रेडिट प्रवाशाच्या नावावर आहे, दुसऱ्याला देता येत नाही, तेव्हा कृपया प्रवाशानं स्वतः फोन करावा, असं तिनं सांगितलं. मी पुन्हा सांगितलं की प्रवासी वारले आहेत. तिनं मला थांबवून ठेवलं, संगीत वाजलं, ती परत आली, दुःख व्यक्त केलं आणि तेच वाक्य पुन्हा म्हणाली. तिचा दोष नव्हता. तिच्यासमोरच्या पडद्यावर मेलेल्या माणसासाठी रकानाच नसावा. ताईचं स्वतःचं क्रेडिट अजून चालू होतं. पण एकटी जाणार नाही म्हणाली, आणि तेही गेलं.

भावोजींची बँकेत ठेव होती, तिला नॉमिनी होता. पोस्टात होती, तिलाही होता. गावच्या पतपेढीत पाच हजारांचे शेअर होते, त्यांनाही वारस लावला होता. गॅसचं कनेक्शनसुद्धा ताईच्या नावावर झालं. एवढं एकच येणं असं होतं, की जे माणसाबरोबर गेलं.

आता हिशेबाकडे वळू.

किराणा दुकानदार आपल्याला उधार देतो. विमानकंपनी आपल्याकडून उधार घेते. दिवाळीचं तिकीट आपण श्रावणात काढतो, पूर्ण पैसे त्याच दिवशी देतो. विमान उडेपर्यंत ते पैसे कंपनीचं उत्पन्न नसतात. ताळेबंदात ते देण्यांच्या बाजूला बसतात, कारण कंपनी आपल्याला एक प्रवास देणं लागते. हजारो लोकांचे असे पैसे मिळून एक मोठं कर्ज तयार होतं, बिनव्याजी, बिनतारण. आणि धनकोला आपण धनको आहोत याचा पत्ता नसतो. हा पैसा रोज येत राहतो म्हणून इंधनाची बिलं आणि विमानांची भाडी भागतात.

मार्च २०२०मध्ये हा ओघ उलटा वाहायला लागला. नवं तिकीट कुणी काढेना आणि जुन्यांचे पैसे सगळे एकदम मागू लागले. बँकेवर ठेवीदारांची झुंबड पडावी तशी अवस्था. आंतरराष्ट्रीय हवाई वाहतूक संघटनेनं, म्हणजे आयाटानं, त्या एप्रिलमध्ये अंदाज दिला की जगभरच्या कंपन्यांवर परताव्याचं ओझं साधारण ३५ अब्ज डॉलरचं आहे. एवढे पैसे बहुतेकांच्या तिजोरीत नव्हते. ५ मार्चला ब्रिटनची फ्लायबी बंद पडली, २१ एप्रिलला व्हर्जिन ऑस्ट्रेलिया प्रशासकांच्या हाती गेली, मे महिन्यात अविआंका आणि लाताम या लॅटिन अमेरिकेतल्या दोन मोठ्या कंपन्यांनी अमेरिकन न्यायालयात दिवाळखोरीचं संरक्षण मागितलं. तेव्हा कंपन्यांनी पैशांऐवजी क्रेडिट पुढे केलं, यात नुसता लबाडपणा होता असं मी म्हणणार नाही. सगळ्यांचे पैसे एका महिन्यात दिले असते तर आणखी कितीतरी कंपन्या बुडाल्या असत्या आणि उरलेल्या प्रवाशांना काहीच मिळालं नसतं.

पण मग जे घडलं त्याला नाव नीट दिलं पाहिजे. ते सक्तीचं कर्ज होतं. प्रवाशानं कंपनीला दिलेलं. आणि कर्जच म्हणायचं असेल तर धनकोला जे हक्क असतात ते प्रवाशाला हवेत : व्याज, परतफेडीची तारीख, वारसाचं नाव.

ही गोष्ट आपल्या सर्वोच्च न्यायालयानं ओळखली होती, आणि तिची पुरेशी चर्चा झाली नाही याचं मला आश्चर्य वाटतं. 'प्रवासी लीगल सेल विरुद्ध भारत सरकार' या खटल्याचा निकाल १ ऑक्टोबर २०२० रोजी न्या. अशोक भूषण, न्या. सुभाष रेड्डी आणि न्या. एम. आर. शाह यांच्या पीठानं दिला. ज्या कंपन्या आर्थिक अडचणीत आहेत आणि लगेच पैसे देऊ शकत नाहीत, त्यांना 'क्रेडिट शेल'ची मुभा मिळाली. पण अटींसह. मुदत ३१ मार्च २०२१पर्यंत. प्रवाशाला ते दुसऱ्या कुणालाही देता येईल. तिकीट रद्द झाल्यापासून ३० जून २०२०पर्यंत दरमहा अर्धा टक्का आणि त्यानंतर दरमहा पाऊण टक्का अशी त्याची किंमत वाढत जाईल. आणि मुदतीत वापरलं नाही तर ते बुडणार नाही, कंपनीनं पैसे परत द्यायचे.

सवयीनं मी आकडेमोड केली. १५ एप्रिलला रद्द झालेलं दहा हजारांचं तिकीट ३१ मार्चला साधारण १०,८०० रुपयांचं होतं. त्या वर्षी बँका एक वर्षाच्या ठेवीवर साधारण पाच टक्के देत होत्या. म्हणजे न्यायालयानं प्रवाशाला ठेवीदारापेक्षा बरा दर लावून दिला. आमच्या ताईला दहा टक्के मिळाले होते, पण आत मुदतीचा सापळा होता. इथे आठच होते, पण सापळा काढून टाकला होता. मला स्वतःला व्याजापेक्षा ती दोन कलमं जास्त मोलाची वाटतात : दुसऱ्याला देता येणं, आणि न वापरल्यास परत मिळणं. ही दोन काढून घेतली की क्रेडिट म्हणजे काय उरतं ते इंग्रजी नावातच आहे. शेल म्हणजे टरफल. टिळकांच्या शाळेतली गोष्ट आपल्या प्रत्येक पोराला पाठ असते; इथे शेंगा खाणाऱ्यांनी टरफलं उचलून प्रवाशाच्या हातात दिली, आणि तीही वर्षभरात परत मागितली.

त्या निकालानंतर भारतात बरंचसं देणं खरोखर फिटलं. इंडिगोनं मार्च २०२१मध्ये जाहीर केलं की क्रेडिट शेलचे जवळजवळ सगळे पैसे, हजार कोटींहून थोडे जास्त, परत दिले आहेत. देता येत होते, हे त्यावरून कळलं. अडकले ते मधल्या लोकांकडे. संकेतस्थळांवरून किंवा एजंटामार्फत काढलेल्या तिकिटांचे पैसे कंपनीकडून निघाले तरी प्रवाशापर्यंत पोचायला वर्षं लागली. यात्रा या संकेतस्थळाकडे लॉकडाऊनच्या तिकिटांचे अडीच कोटी रुपये अजून देणं आहेत, ते द्या, असा आदेश केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला जून २०२४मध्ये काढावा लागला. चार वर्षांनी.

आता या विषयाच्या गाभ्याकडे येतो. तो माझ्या धंद्यातला आहे, त्यामुळे थोडा वेळ घेईन.

मुदत संपून पडून राहिलेल्या अशा रकमेला हिशेबाच्या भाषेत 'ब्रेकेज' म्हणतात. शब्दशः फुटतूट. काचसामानाच्या व्यापाऱ्याच्या वहीत फुटतूट नुकसानीत जाते. इथे ती उत्पन्नात येते. फुटतं गिऱ्हाइकाचं, म्हणून. भारतात २०१८पासून मोठ्या कंपन्यांना लागू असलेलं इंड एएस ११५ हे मानक, आणि ज्यावरून ते घेतलं तो आंतरराष्ट्रीय नियम, याबाबत काय सांगतं ते ऐका. गिऱ्हाईक आपला हक्क पूर्ण वापरणार नाही, असा अंदाज कंपनीला अनुभवावरून खात्रीनं बांधता येत असेल, तर मुदत संपायची वाट बघायची गरज नाही. समजा, शंभर रुपयांच्या क्रेडिटमागे दहा रुपये वापरले जाणार नाहीत असा अनुभव आहे. मग बाकीचे लोक जसजसं आपलं क्रेडिट वापरत जातील तसतसे त्या दहातले थोडे थोडे उत्पन्नात घेत जायचे. नव्वदपैकी निम्मे वापरले गेले की पाच रुपये कमाई झाली. ज्या माणसाचं क्रेडिट अजून जिवंत आहे, जो कदाचित उद्या तिकीट काढेल, त्याच्या विसरण्याचा हिस्सा आज नफ्यात आलेला असतो.

लेखापाल म्हणून मला या नियमात खोट काढता येत नाही. जे घडणार आहे ते कागदावर खरं दाखवावं, एवढंच तो सांगतो. पण विचार करा, कंपनीच्या कचेरीत एक माणूस बसला आहे आणि आपल्या विसरभोळेपणाचा सरासरी दर काढणं हे त्याचं काम आहे. तो दर वाढला तर नफा वाढतो. आणि तो वाढवायच्या चाव्याही त्याच इमारतीत आहेत : मुदत रद्द केल्याच्या तारखेपासून मोजायची की मूळ तिकिटाच्या, त्या मुदतीत नुसतं तिकीट काढायचं की प्रवासही पुरा करायचा, दोन क्रेडिटं जोडता येतील की नाही, स्वस्त तिकीट घेतलं तर उरलेली रक्कम राहील की जाईल, संकेतस्थळावर वापरता येईल की फोनच करावा लागेल. यातली एकही अट एकटी पाहिली तर मोठी नाही. आमच्या ताईसारख्या बाईला चार अटी एकदम लागल्या की ती कागद फायलीत ठेवून देते.

दुसऱ्याच्या विसरण्यावर पैसा उभा करण्याची कल्पना विमानांपेक्षा जुनी आहे. कॅलिफोर्नियात ब्लू चिप स्टॅम्प्स नावाची कंपनी होती. वाणसामान घेतलं की दुकानदार स्टॅम्प द्यायचा, बाया ते वहीत चिकटवायच्या, वही भरली की टोस्टर किंवा खुर्ची मिळायची. दुकानदारांकडून पैसे आज यायचे, वस्तू द्यायच्या त्या केव्हातरी, आणि कित्येक वह्या खणातच राहायच्या. या मधल्या पैशाचं मोल वॉरन बफे आणि चार्ली मंगर यांनी ओळखलं, कंपनीत भाग घेत घेत ती ताब्यात आणली, आणि १९७२मध्ये त्याच कंपनीमार्फत सीज कँडीज हा मिठाईचा धंदा अडीच कोटी डॉलरला विकत घेतला. बफेंच्या कीर्तीतला तो एक मोठा टप्पा समजला जातो. अर्धवट भरलेल्या वह्या खणात ठेवून विसरलेल्या बायांचा त्यातला वाटा कुणी मोजलेला नाही.

विमानकंपन्यांपैकी हे प्रकरण सगळ्यात उघडं पडलं ते ऑस्ट्रेलियात, क्वांटासच्या बाबतीत. कोविडकाळातल्या क्रेडिटची मुदत कंपनीनं दोन-तीनदा वाढवली होती. शेवटची तारीख होती ३१ डिसेंबर २०२३. त्याच वर्षी २४ ऑगस्टला क्वांटासनं इतिहासातला सर्वांत मोठा नफा जाहीर केला, करापूर्वी २४७ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलर. चारच दिवसांनी मुख्य कार्यकारी अधिकारी ॲलन जॉइस सेनेटच्या समितीसमोर बसले आणि सदस्यांनी साधा प्रश्न लावून धरला : लोकांचे किती पैसे तुमच्याकडे पडून आहेत? आधी सांगितल्या गेलेल्या आकड्यात जेटस्टार या त्यांच्याच स्वस्त कंपनीची रक्कम धरलेली नव्हती, हे तेव्हा पुढे आलं. सगळं मिळून रक्कम सुमारे ५७ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरच्या घरात गेली. क्रेडिटवरून ग्राहकांचा सामूहिक दावाही त्याच महिन्यात दाखल झाला होता. ३१ ऑगस्टला क्वांटासनं मुदत काढून टाकली. ज्यांना हवे त्यांना रोख पैसे मिळतील असं जाहीर केलं. योगायोग असा की तिथल्या ग्राहक आयोगानं त्याच दिवशी क्वांटासवर खटला भरला, वेगळ्या कारणासाठी : रद्द करायचं ठरलेल्या हजारो उड्डाणांची तिकिटं कंपनी विकत राहिली होती. त्या खटल्यात पुढे दहा कोटी डॉलरचा दंड झाला. ५ सप्टेंबरला जॉइस ठरलेल्या वेळेच्या दोन महिने आधी पायउतार झाले.

या सगळ्यात मला लक्षात ठेवावीशी वाटते ती एकच गोष्ट. जी तारीख तोवर दगडावरची रेघ म्हणून सांगितली जात होती, ती एका सकाळी पुसता आली. कुठला कायदा बदलला नव्हता, कुठला कर भरावा लागला नव्हता.

अमेरिकेत नेमकं याच्या उलट झालं. साउथवेस्ट या कंपनीनं जुलै २०२२मध्ये जाहीर केलं की आमची क्रेडिटं कधीच मुदतबाह्य होणार नाहीत. तिकडे मोठं कौतुक झालं. मग २०२४मध्ये एलियट नावाच्या गुंतवणूकदार कंपनीनं साउथवेस्टमध्ये मोठा हिस्सा घेतला आणि नफा वाढवा म्हणून तगादा लावला. २८ मे २०२५पासून काढलेल्या तिकिटांच्या क्रेडिटला पुन्हा मुदत लागली : एक वर्ष, आणि सर्वांत स्वस्त तिकिटाला सहा महिने. नफा कुठून काढता येईल याची यादी करायला बसलेल्या माणसांना आपली विसरण्याची सवय त्या यादीत सापडली. याहून सरळ पुरावा मला तरी देता येणार नाही.

त्याच देशात २०२१मध्ये एड मार्की आणि रिचर्ड ब्लूमेंथल या सेनेटरांनी कंपन्यांकडून माहिती मागवली तेव्हा न वापरलेल्या क्रेडिटची रक्कम दहा अब्ज डॉलरच्या वर असल्याचं दिसलं. नोव्हेंबर २०२२मध्ये तिथल्या परिवहन खात्यानं सहा कंपन्यांना मिळून साठ कोटी डॉलरहून जास्त परतावा द्यायला लावला. त्यातलं एक नाव आपल्या घरचं होतं. एअर इंडिया, बारा कोटी पंधरा लाख डॉलर परतावा आणि वर चौदा लाख डॉलर दंड. व्यवहार टाटांनी कंपनी घेण्याआधीचे होते. खात्याकडे आलेल्या १,९०० तक्रारींपैकी निम्म्याहून अधिक प्रवाशांना पैसे मिळायला शंभर दिवसांच्या वर लागले होते. अमेरिकेतल्या मराठी मंडळांत तेव्हा ज्यांची तिकिटं अडकली होती, त्यांना पैसे मिळाले ते दिल्लीनं नव्हे, वॉशिंग्टननं डोळे वटारले म्हणून.

२०२४च्या कायद्यानं अमेरिकेत परताव्याऐवजी दिलेलं व्हाउचर निदान पाच वर्षं चाललं पाहिजे असं ठरलं. युरोपात तर २००४चा नियम आहे की विमान रद्द झालं तर प्रवाशानं सही करून मान्य केल्याशिवाय व्हाउचर देताच येत नाही, पैसेच द्यायचे, सात दिवसांत. तो नियम असूनही २०२०मध्ये तिकडेही लोकांच्या गळ्यात व्हाउचर मारली गेली, हेही सांगून ठेवतो. आणि एक गंमत. नाताळात हजारो विमानं रद्द करून लोकांना विमानतळावर झोपवल्याबद्दल साउथवेस्टला डिसेंबर २०२३मध्ये १४ कोटी डॉलरची शिक्षा झाली. त्यातले नऊ कोटी पुढच्या काळात उशीर सोसणाऱ्या प्रवाशांना द्यायचे होते. कशाच्या रूपात? व्हाउचरच्या.

आपल्याकडचा नियम काय म्हणतो? नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा परताव्याचा नियम २००८पासून आहे आणि त्यात स्पष्ट लिहिलं आहे की रक्कम क्रेडिट शेलमध्ये ठेवायची की नाही हा प्रवाशाचा अधिकार, कंपनीनं ते गृहीत धरायचं नाही. तिकीट एजंटाकडून काढलं असलं तरी परताव्याची जबाबदारी कंपनीचीच. आणि आणखी एक कलम, जे या सभागृहातल्या किती जणांना ठाऊक आहे मला बघायचं आहे : तुम्ही तिकीट रद्द न करता नुसतेच विमानतळावर गेला नाहीत, अगदी स्वस्तातलं, 'नॉन-रिफंडेबल' तिकीट असलं, तरी त्यातले सरकारी कर आणि विमानतळाचं शुल्क तुम्हाला परत मिळालं पाहिजे. विमानतळ वापरलाच नाही, तर त्याचं शुल्क कसलं? हात वर करू नका, पण मी गेल्या महिन्यात आमच्या सोसायटीत विचारलं. विमान चुकलेले तिघं निघाले. मागितलेला एकही नाही. दोनशे-चारशे रुपयांसाठी कोण पाठपुरावा करतो, असं एकजण म्हणाला, आणि तो स्वतः बँकेत मॅनेजर होता.

डिसेंबर २०२५मध्ये वैमानिकांच्या ड्यूटीच्या नव्या नियमांची तयारी कमी पडून इंडिगोची हजारो उड्डाणं रद्द झाली. सरकारनं तारीख ठरवून दिली आणि ७ डिसेंबरपर्यंत ६१० कोटी रुपये परत गेले. तंत्रज्ञानाची अडचण कधीच नव्हती, हे तेव्हा पुन्हा दिसलं. जास्त हाल झालेल्यांना कंपनीनं दहा हजारांची प्रवास-व्हाउचरं देऊ केली, बारा महिन्यांच्या मुदतीची. त्या मुदतीबद्दल मी तक्रार करणार नाही, का ते सांगतो.

क्रेडिटच्या नावाखाली तीन निराळ्या गोष्टी फिरतात आणि कंपन्या मुद्दाम त्या एकत्र कालवतात. हाल झाले म्हणून कंपनीनं आपल्या खिशातून दिलेलं व्हाउचर ही भेट आहे. भेटीला मुदत असायला हरकत नाही. विमान कंपनीनंच रद्द केलं तर त्या तिकिटाचे पैसे पूर्णपणे प्रवाशाचे, त्यांना एक दिवसाचीही मुदत नको. अवघड आहे तो तिसरा प्रकार : प्रवाशानं आपल्या कारणानं तिकीट रद्द केलं. इथे कंपनीचं म्हणणं मी गांभीर्यानं घेतो. रिकामी गेलेली जागा दुसऱ्या दिवशी विकता येत नाही, भाजीपेक्षाही नाशवंत माल तो. परत न होणारं तिकीट स्वस्त असतं, आणि त्या स्वस्ताईचा फायदा ज्यानं घेतला त्यानं धोकाही घ्यावा. मान्य. म्हणून रद्द करण्याचं शुल्क कापा, सगळं आधीच सांगून, हवं तेवढं. पण शुल्क कापून जे उरलं ते क्रेडिट म्हणून माझ्या नावावर लिहिलंत, तर तुम्हीच कबूल केलंत की ते माझं आहे. स्वतः कबूल केलेलं देणं बाराव्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी रात्री बारा वाजता उत्पन्न कसं होतं, हे मला पस्तीस वर्षं नोंदी करूनही सरांना समजावता आलं नसतं.

कंपनीच बुडाली तर? १७ एप्रिल २०१९ला जेट एअरवेज थांबली, ३ मे २०२३ला गो फर्स्ट थांबली. दोन्ही शेवटी अवसायनात गेल्या. तिकीटधारक आणि क्रेडिटधारक रांगेत बँकांच्या आणि कामगारांच्या मागे उभे आहेत, म्हणजे घरी बसलेले आहेत.

आता इतर विसरलेल्या पैशांचं आपल्या देशात काय होतं ते बघा. बँकेतली ठेव दहा वर्षं कुणी विचारली नाही तर बँकेला ती खाता येत नाही. २०१४पासून ती रिझर्व्ह बँकेच्या ठेवीदार शिक्षण व जागरूकता निधीत जाते. फेब्रुवारी २०२३पर्यंत एकट्या सरकारी बँकांनी अशा ३५,०१२ कोटी रुपयांची रवानगी तिकडे केली होती. आणि तिथे गेल्यावरही वारसाला ती केव्हाही मागता येते. शोधायला 'उद्गम' नावाचं संकेतस्थळ आहे. कंपनीचा लाभांश सात वर्षं पडून राहिला तर गुंतवणूकदारांच्या निधीत जातो, तोही मागता येतो. विम्याचे बेवारस पैसे ज्येष्ठ नागरिक कल्याण निधीत जातात. कायद्यानं सगळीकडे खुंट्या ठोकल्या आहेत. फक्त एका कंपनीकडेच वापरता येतं अशा आगाऊ पैशाला रिझर्व्ह बँक आपल्या अखत्यारीत धरत नाही. विमानाचं क्रेडिट त्या फटीतून खाली पडतं.

मी कायदेपंडित नाही, पण कायदेमंडळातल्या कुणी हे व्याख्यान छापील वाचलं तर त्याच्यासाठी सांगतो. मुदत संपलेलं क्रेडिट कंपनीच्या नफ्यात न जाता अशाच एखाद्या निधीत जावं, प्रवाशाला किंवा वारसाला नंतरही मागता यावं, एवढा एकच बदल पुरे. बाकी नियम करायची गरज पडणार नाही. न वापरलेल्या क्रेडिटमधून कंपनीला दमडी मिळणार नसेल, तर दुसऱ्या दिवसापासून तीच कंपनी आपल्याला आठवण करून देणारे मेल पाठवायला लागेल, क्रेडिट कार्डाचं बिल थकलं की येतात तसे.

ताईचं सांगायचं राहिलं. गेल्या जुलैत मी तिचं विवरणपत्र भरत होतो. ती फाईल घेऊन बसली होती. ठेवींच्या पावत्या, पेन्शनचा कागद, आणि त्यांच्या खाली ते दोन मेल, छापून, प्लॅस्टिकच्या पिशवीत. तिनं ते माझ्यापुढे सरकवले आणि विचारलं, हे कुठं दाखवायचं?

मी म्हणालो, कुठेच नाही, ताई. ते गेलं.

"मग बुडालं म्हणून दाखवता येतं का?"

नाही, म्हणालो.

"त्यांनी मिळालं म्हणून दाखवलं असेल?"

हो, म्हणालो. दाखवलं असेल.

तिनं कागद परत पिशवीत घातले आणि पिशवी फायलीत ठेवली. मी टाकून दे म्हणालो नाही.